डाळ मिलचा भोंगा आणि सुपडू आबा

अन्वी आणि ओम,

मागच्या रविवारी तुम्ही शाळेच्या जाझ बँडचा व्हिडिओ पाठवलात. अन्वी ट्रम्पेट घेऊन दुसऱ्या रांगेत उभी होती. मी तो तीनदा पाहिला. नंतर फोनवर अन्वीने विचारलं, "आजी, तुला जाझ म्हणजे काय ते ठाऊक आहे?" मी म्हटलं, थोडं ठाऊक आहे, लिहून पाठवते. ते हे. लांब झालं तर दोन दिवसांत वाचा, आईला वाचून दाखवायला सांगा.

जाझबद्दल मला जे काही कळतं ते सगळं आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुपडू आबांकडून. ओम, तू पाच वर्षांचा असताना इथे आला होतास तेव्हा त्यांनी तुझ्या हातात नारळाची करवंटी दिली होती आणि ट्रम्पेटच्या तोंडावर ती कशी उघडझाप करायची ते शिकवलं होतं. आतून बदकासारखा आवाज आला आणि तू हसून खाली बसलास. तेच आबा. त्यांना जाऊन दोन महिने झाले. फोनवर मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण नीट सांगता आलं नसतं.

आबा मूळचे पारोळ्याकडचे. वडील लग्नात सनई वाजवायचे. आबा सतराव्या वर्षी फौजेच्या बँडमध्ये भरती झाले, निवृत्त होऊन जळगावला आले आणि एका लग्नाच्या बँडमध्ये वीसेक वर्षं पुढे उभे राहून ट्रम्पेट वाजवलं. बायको गेल्यावर एकटे राहिले. मुलगा राजू धुळ्याला. तो न्यायला यायचा, आबा आठ दिवस जाऊन परत यायचे. म्हणायचे, "धुळ्याला सगळं चांगलं आहे बाई, पण तिथे भोंगा नाही."

भोंगा म्हणजे आमच्या इमारतीमागच्या डाळ मिलचा. संध्याकाळी साडेपाचला पाळी सुटताना वाजतो. आधी खालून वर चढत जातो, मग एका जागी स्थिर होतो आणि तसाच काही वेळ राहतो. आबा पाच वाजून पंचवीस मिनिटांनी गच्चीवर जायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. घरी एकटे असले तरी बूट घातल्याशिवाय त्यांनी ट्रम्पेटला हात लावलेला मी पाहिला नाही. भोंगा स्थिर झाला की ते बरोबर त्याच सुरावर फुंक घालायचे. दोन्ही आवाज असे मिसळायचे की भोंगा कधी थांबला आणि ट्रम्पेट कधी उरलं ते समजायचं नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण रोज त्या क्षणी माझ्या हातातलं काम थांबायचं. मग ते एक इंग्रजी चाल वाजवायचे, नेहमी तीच. नंतर सिनेमाची दोन गाणी, आणि सहाला बंद. मी घड्याळ त्यांच्यावर लावत असे.

ट्रम्पेटच्या तीन पिस्टनना ते शिलाई मशीनचं तेल घालायचे. मे महिन्यात, इथे पितळेला हात लावला तर चटका बसतो तेव्हा, तोंडाला लावायचा भाग माठाखालच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. मला त्यांनी समजावून सांगितलं होतं, "बाई, पितळ माणसासारखं. उन्हात चढतं, थंडीत उतरतं. वाजवणाऱ्याने ओळखून सूर ओठाने सांभाळायचा." ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक कान त्यांचा लढाईपासून मंद होता. दुसरा पुढे पुढे मंद होत गेला. कोणी विचारलं तर सांगायचे, "उजवा तोफेने नेला, डावा डीजेने." राजूने कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते ट्रम्पेटच्या पेटीत पडून असायचं. "त्यातून भांडी ऐकू येतात, माणसं नाही," असं त्यांचं म्हणणं.

लग्नाच्या बँडमधली एक हकिकत ते स्वतःच रंगवून सांगायचे. पहूरला वरात होती. नवरदेव घोडीवर, पुढे पोरं नाचतायत. आबांना लहर आली आणि त्यांनी चालू गाण्याचा ठेका मधूनमधून अलीकडे-पलीकडे सरकवायला सुरुवात केली. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकायला लागले. नवरदेवाचे मामा बँडमध्ये घुसले.

"ओ आबा, हे काय लावलंय? पोरं पडतायत."

"पडू द्या की. उठतील."

"नाचता येईल असं वाजवा ना."

"मामा, चार पावलं तुमची, पाचवं माझं. एवढं तरी ठेवा."

मामांनी बँडच्या मालकाला बोलावलं, मालकाने आबांना डोळे वटारून दाखवले आणि आबा गुमान सरळ वाजवू लागले. गोष्ट संपवताना ते दर वेळी म्हणायचे, "बठ्ठा वऱ्हाडात घोडीलेच ताल समजना. ती बरोबर चालत होती." म्हणजे सगळ्या वऱ्हाडात ताल कळला तो घोडीलाच.

हा सरकवलेला ठेका, अन्वी, तुझ्या जाझमधला. आबांना तो आंतोनने शिकवला. आंतोन गोव्याचा, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठा, फौजेत येण्याआधी मुंबईच्या हॉटेलांत वाजवून आलेला. त्याला "सुपडू" म्हणता यायचं नाही, म्हणून तो आबांना "सॅम" म्हणायचा. संध्याकाळी परेडचं वाजवून झालं की दोघं फौजेच्या कॅन्टीनच्या मागे बसायचे. आंतोन एक चाल वाजवायचा आणि म्हणायचा, आता हीच वाजव, पण पाय माझा आणि फुंक तुझी, दोन्ही एकदम नको. आबांना सहा महिने जमलं नाही. ते सनईवाल्याचं पोर, समेवर यायची सवय हाडात.

मग एकाहत्तरची लढाई आली. मला तोवर माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल, की लढाई सुरू झाली की फौजेतल्या बँडवाल्यांची वाद्यं पेटाऱ्यात जातात आणि त्यांच्या हातात स्ट्रेचर येतं. जखमी उचलून मागे आणायचे, हे त्यांचं काम. आबा आणि आंतोन एका स्ट्रेचरवर. आबा पुढे, आंतोन मागे.

"पहिल्याच दिवशी आम्ही चुकलो, बाई," आबा सांगत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून त्यांनी हे सांगितलं, चहाची बशी बाजूला सारून, दोन बोटं टेबलावर चालवत. "बँडवाला म्हणजे काय? वर्षानुवर्षं कदम मिळवून चालणारा. स्ट्रेचर उचललं आणि आपोआप आमचे कदम मिळाले. डावा-डावा, उजवा-उजवा. तसं चाललं की स्ट्रेचर झोपाळ्यासारखं हलतं. वरचा माणूस दर पावलाला ओरडतो. त्याला मांडीत लागलं होतं. तो आम्हाला म्हणाला, 'बाजेवाले हो क्या? मुझे शादी में ले जा रहे हो?'"

आबा हसले आणि दोन बोटं पुन्हा टेबलावर चालवू लागले.

"स्ट्रेचर नेताना कदम तोडायचा असतो. पुढच्याचा डावा पडला की मागच्याचा उजवा. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पण पाय ऐकेनात. साधा शिपाई असता तर त्याला जमलं असतं. आम्हालाच जमत नव्हतं, कारण आम्ही बँडवाले. मग आंतोनने मागून ती चाल गुणगुणायला सुरुवात केली. त्याने पाय समेवर टाकला, मला म्हणाला, सॅम, तू मधल्या जागेत टाक. आणि बाई, जे सहा महिन्यांत जमलं नव्हतं ते त्या बांधावर जमलं. स्ट्रेचर हलेना. तो वरचा माणूसही गप झाला."

"मेला?" मी घाबरून विचारलं.

"नाही हो. झोपला."

तेव्हापासून आबांच्या लेखी जाझ म्हणजे हे. वरच्याला धक्का लागू नये म्हणून कदम तोडून चालणं. मी इंग्रजीची प्राध्यापक, मी नंतर जाझवर दोन पुस्तकं मागवून वाचली. त्यांत बरीच माहिती होती. हे नव्हतं.

आता आंतोनचं पुढचं सांगते, कारण सगळं तिथे अडकलेलं आहे. लढाईच्या शेवटच्या दिवसांत त्या दोघांजवळ एक गोळा फुटला. आबांचा उजवा कान थोडा गेला. आंतोनचे दोन्ही गेले, पण हळूहळू, त्याला स्वतःला कळणार नाही असे. युनिट परत आलं, वाद्यं पेटाऱ्यातून निघाली. आंतोन वाजवू लागला आणि शेजारी उभ्या असलेल्या आबांना ऐकू आलं की तो सुराच्या खाली वाजवतोय. थोडासाच, पण रोज.

बँडमास्तरांची खूण असायची. सूर उतरला की तळहात उताणा करून हळूच वर उचलायचा, चढला की पालथा करून खाली. आंतोन डोळे मिटून वाजवायचा, त्याला खूण दिसायची नाही. वाजवून झालं की आबांना विचारायचा, "सॅम, ठीक होतं ना?" आबा ठीक म्हणायचे. तीन महिने ठीक म्हणाले. एका संध्याकाळी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बँड होता. आंतोन एकट्याने वाजवायला पुढे गेला. मधेच पुढच्या खुर्चीवरची एक बाई तोंडावर रुमाल धरून हसली. आंतोनने डोळे उघडले तेव्हा त्याला तो रुमाल दिसला आणि बँडमास्तरांचा वर उचललेला हात दिसला. त्याने आबांकडे वळून पाहिलं. "कधीपासून?"

"मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली," आबा म्हणाले. काय सांगितलं ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही.

आंतोन महिन्याभरात फौजेतून नाव कापून घेऊन गोव्याला गेला. जाताना आपल्या ट्रम्पेटचा तोंडाला लावायचा भाग आबांना दिला. आबांनी तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. माठाखालच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेला असायचा तो भाग हाच.

हे सगळं सांगून झाल्यावर आबांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मास्तरीण. जन्मभर चुकांवर लाल रेघ मारली. मन्हा सूर उतरना की माले सांगा. बोलायला जड गेलं तर नुसता हात करा."

त्यांनी तळहात उताणा करून वर उचलून दाखवला. मीही तसा करून दाखवला. मला ते अवघड वाटलंच नाही. चुका दाखवण्यात माझं आयुष्य गेलं आहे, आणि मी कोणाचीही भीड ठेवली नाही, हे तुमची आई सांगेल.

या गोष्टीला चार-पाच वर्षं झाली असतील. एका मे महिन्यात मी गॅलरीत वाळवण आवरत होते. साडेपाचला भोंगा झाला, स्थिर झाला, वरून ट्रम्पेट आलं आणि मला दोन आवाज ऐकू आले. गाणं न कळणाऱ्यालाही ऐकू यावेत असे, एकमेकांना घासणारे दोन आवाज. मी स्वतःला म्हटलं, आज भोंगाच बिघडला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच. आबा सहाला खाली उतरताना माझ्या दारात थांबले.

"काय बाई, आज कसं?"

"छान," मी म्हटलं.

मला वाटलं होतं उद्या सांगेन. ते उद्या म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. रोज ते विचारायचे नाहीत. कधीतरी विचारायचे, आणि मी कधी "छान", कधी "आज फार वेळ वाजवलंत", असं म्हणून आत वळायचे. एकदा मी ठरवून गच्चीवर गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले. ते डोळे मिटून ती चाल वाजवत होते. माझा हात पदराखाली होता. तो तिथून निघाला नाही. त्यांच्या दिवसात त्या पस्तीस मिनिटांखेरीज काही नव्हतं, हे मला दिसत होतं. ते काढून घेऊन मी त्यांना दुसरं काय देणार होते?

आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी आबा ट्रम्पेटवर राष्ट्रगीत वाजवायचे आणि आम्ही सगळे म्हणायचो. एका वर्षी त्यांच्या सुरात कोणाला गाता येईना. निम्मे एका सुरात, निम्मे दुसऱ्या, आणि शेवटच्या ओळीला बायका गप्पच झाल्या. पुढच्या वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी पारसभाऊ, ज्यांचं बाजारात कापडाचं दुकान आहे, त्यांनी आदल्या दिवशी मला जिन्यात गाठलं.

"बाई, उद्या स्पीकर लावतोय. रेकॉर्डवरचं राष्ट्रगीत. आबांना तुम्ही सांगाल का?"

"मी कशाला?"

"तुमचं ऐकतात ते. मला नाही जमायचं, भाभीसा."

मी सांगितलं नाही. त्यांनीही नाही. सकाळी आबा इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, हातात ट्रम्पेट घेऊन उतरले. पारसभाऊंनी मोबाइलचं बटण दाबलं, स्पीकरमधून राष्ट्रगीत सुरू झालं. आबांना पहिली ओळ बहुधा ऐकू आली नाही. सगळ्यांची तोंडं हलताना पाहून ते ताठ उभे राहिले, ट्रम्पेट काखेत धरून. पूर्ण होईपर्यंत हलले नाहीत. मग जिलबीचं ताट आलं, पोरं ताटाकडे धावली, आणि आबा माझ्यापाशी आले.

"बाई, स्पीकर का?"

मी म्हटलं, "थंडी किती आहे, आबा. थंडीत पितळ उतरतं ना."

त्यांच्याकडूनच शिकलेलं वाक्य होतं. मला ते सुचलं याचा क्षणभर आनंदही झाला. आबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, ओळख पटल्यासारखे. मग म्हणाले, "आंतोनले बी मी हाईच सांगेल व्हतं." आंतोनलाही त्यांनी तेव्हा हेच सांगितलं होतं.

आणि जिना चढून गेले. जिलबी घेतली नाही.

त्या संध्याकाळी साडेपाचला नुसता भोंगा झाला. मी गॅलरीत उभी होते. दुसऱ्या दिवशीही नुसता भोंगा. मी वर गेले, माफी मागितली. खूप मोठ्याने बोलावं लागलं, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. आबांनी मला बसवलं, स्वतः चहा केला. म्हणाले, "तुमचा दोष नाही बाई. हे कोणाला जमत नाही." याहून त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ट्रम्पेट पेटीत होतं, पेटी कपाटावर. मी विचारलं, काढून देऊ का? त्यांनी नको म्हणून मान हलवली.

ते काही खंगले वगैरे नाहीत. बाजारात जायचे, केळी आणायचे, मला दोन द्यायचे, पारसभाऊंशी नेहमीसारखं बोलायचे. फक्त पाच पंचवीसला घरात असायचे आणि दार लावलेलं असायचं. बूट जिन्यात दाराबाहेर तसेच, त्यांच्यावर धूळ. मी ती एकदोनदा पुसली. त्याहून काही करता आलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी, दुपारी तीनच्या सुमाराला, त्यांना श्वास घेता येईना. राजूने धुळ्याहून फोनाफोनी करून रुग्णवाहिका पाठवली, तिकडच्या हॉस्पिटलात घेऊन या म्हणाला. आमच्याकडे लिफ्ट नाही. दोन मुलं आली, आबांना स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे बांधले आणि उतरायला लागली. पुढचा मुलगा मोठ्याने मोजत होता, "एक, दोन, एक, दोन." दोघांचे पाय अगदी मिळालेले. स्ट्रेचर दोन्ही बाजूंना झुलत होतं आणि प्रत्येक पायरीला आबांच्या तोंडून आवाज निघत होता.

आबांनी मास्क बाजूला केला. "कदम तोडा रे."

"बोलू नका आबा, दम लागेल," मागचा म्हणाला.

"कदम तोडा."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी खालच्या पायऱ्यांवर उभी होते. मी म्हटलं, "थांबा दोघं. मोजायचं बंद करा. पुढच्याने डावा पाय टाका, मागच्याने उजवा."

"मावशी, असं केलं तर पडतील ते."

"मी सांगते तसं करा." हा आवाज माझ्याकडे अजून आहे, वर्गातला.

पहिल्या दोन पायऱ्या त्यांची धांदल झाली. मग जमलं. माझ्या मजल्यापासून तळापर्यंत स्ट्रेचर जवळजवळ सरळ गेलं. आबांनी डोळे मिटले.

खाली गाडीचं मागचं दार उघडून त्यांना आत सरकवलं. पायाकडच्या बाजूला मी, तिथून त्यांचा चेहरा दिसत होता. मुलगा नळी शोधत होता. आबांचा उजवा हात चादरीवर होता आणि त्याची तीन बोटं हलत होती, एक, तीन, दोन, पिस्टन दाबावेत तशी. मास्कच्या आतून ते काहीतरी गुणगुणत होते. मी वाकून ऐकलं. ती आंतोनची चाल होती, रोज गच्चीवर वाजायची तीच. मग त्यांनी डोळे उघडले आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. विचारत होते.

भोंग्याचा सूर मला रोज ऐकून पाठ आहे. आबांचा त्याच्या खाली होता. मी पदरातून हात काढला, तळहात उताणा केला आणि हळूच वर उचलला.

त्यांनी मान हलवली. श्वास गोळा केला आणि थोडं वरून पुन्हा सुरू केलं. अजून खालीच होतं. मी हात आणखी वर नेला. त्यांनी पुन्हा सुरू केलं. मुलगा म्हणाला, "मावशी, सरका," आणि त्याने दार ओढलं. काचेतून मला दिसत होतं की त्यांची नजर माझ्या हातावर आहे आणि ओठ चढ्या सुरासाठी घट्ट होतायत. गाडी फाटकातून वळेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.